तोरणमाळला होकायंत्राची सुई का भरकटली?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही काही मित्र तोरणमाळच्या पठारावर गेलो होतो. होकायंत्र एका काळ्या खडकावर ठेवले आणि मग दोन पावलांवरच्या दुसऱ्या खडकावर ठेवले, तर दोन्ही ठिकाणच्या ‘उत्तरे’त वीसेक अंशांचा फरक पडला. सकाळी सूर्योदयाशी ताडून पाहिले, तेही जुळेना. होकायंत्र बिघडले असे समजावे काय? आणि रानात वाट काढताना ते नेमके कसे वापरावे? – एक वाचक, शहादा

उत्तर : आपले होकायंत्र बहुधा ठणठणीत आहे, चूक ते खडकावर टेकवण्यात झाली. पृथ्वीच्या पोटात, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखाली, वितळलेले लोखंड सतत घुसळत असते आणि त्यातून उद्भवणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे पृथ्वीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र टिकून राहते. टोकावर मोकळी फिरणारी सुई या क्षेत्राच्या रोखाने स्थिरावते. मात्र हे क्षेत्र इतके क्षीण आहे, की फ्रिजच्या दारावरचे चिमुकले चुंबक जवळ नेले तरी सुई पृथ्वीला सोडून त्याचे ऐकते.

सातपुड्याचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, अर्थात बेसॉल्ट. त्यातील मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांनी थिजतानाच चुंबकत्व धरून ठेवलेले असते, आणि उघड्या माथ्यावर कधी वीज पडली असेल तर तेवढ्या जागेपुरते ते कैक पटींनी वाढते. म्हणूनच एका खडकावरची उत्तर शेजारच्या खडकावर टिकत नाही. लोखंड आणि वीज यांचा जाच तर वेधशाळांनाही चुकलेला नाही: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले. तेव्हा मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून दिशा पाहण्याची आपल्याकडची सवयही सोडलेली बरी.

सूर्याबद्दल म्हणाल, तर तो वर्षातून दोनच दिवस बरोबर पूर्वेला उगवतो. डिसेंबरअखेर खानदेशात तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. पडताळाच घ्यायचा तर रात्री ध्रुवतारा पाहावा. आपल्याकडे तो क्षितिजापासून २१ अंशांच्या आसपास उंचीवर दिसतो. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील तफावत काही देशांत दहा-वीस अंशांची असते, पण खानदेशात ती एका अंशाहूनही कमी असल्याने पायी चालणाऱ्याने तिचा हिशेब केला नाही तरी चालते.

आता वापराविषयी. होकायंत्र हातात, छातीच्या उंचीवर आणि आडवे सपाट धरावे. सुई तबकडीला घासत असेल तर वाचन व्यर्थ. जिथे जायचे त्या दिशेचा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजावा, आणि त्या रेषेवरची ठळक खूण, समजा एखादा एकटा पळस, हेरून सुईकडे न पाहता सरळ तिथवर चालत जावे. तिथे पोहोचल्यावर पुन्हा कोन धरून पुढची खूण निवडावी. चालताना सतत सुईकडे पाहणारा हमखास वाकडा जातो, आणि दहा अंशांची चूक एका किलोमीटरमागे सुमारे १७५ मीटरची होते. घळींनी चिरलेल्या सातपुड्यात एवढ्यात माणूस भलत्याच दरीत उतरतो.

खडकाचा संशय आला तर पळसाजवळून मागे वळून निघाल्या जागेचा कोन घ्यावा. जाताना तो ४० अंश असेल, तर मागे पाहताना २२० यायला हवा. तो तसा आला नाही, तर दोहोंपैकी एका जागेचा दगड ढवळाढवळ करतो आहे; वीस-तीस पावले बाजूला सरकून पुन्हा मोजावे. मोबाइलमधील होकायंत्रही याच क्षेत्रावर चालते, त्यामुळे त्याच्या पाकिटाच्या झाकणात चुंबक असेल तर ते आधी काढून ठेवावे.