बाथरूमचा कोबा कायम ओलसर राहतो. त्यावर टाइल बसवता येतील का?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात डिचोलीजवळ चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जुनं घर आहे, तळमजल्यावरच्या बाथरूमच्या फरश्या काढून आठवडा झाला, तरी खालचा कोबा काळपट ओलाच आहे आणि चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) टाइल लागायला हव्यात. गवंडी म्हणतो, वरून सिमेंट ओतलं की ओल दबते. ओल अशी दबत नाही. मी फोंडा तालुक्यात सोळा वर्षं घरदुरुस्तीची कामं घेतो, आणि अशी 'दबलेली' ओल दुसऱ्या पावसाळ्यात टाइल उचलून वर आलेली माझ्याच एका कामात पाहिली आहे.

ओलसर कोब्यावर टाइल बसतात. सिमेंटच्या अ‍ॅडेसिव्हला (टाइल चिकटवायच्या मसाल्याला) थोडी ओल बाधत नाही. सतत येत राहणारं पाणी मात्र बाधतं, म्हणून आधी ते कुठून येतंय ते शोधा.

दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, कोबा फडक्याने पुसा आणि प्लास्टिकच्या चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा. टेप धरत नसेल तर तेवढीच पट्टी हेअर ड्रायरने सुकवून घ्या. पूर्ण एक दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले तर पाणी कोब्यातून वर येतंय. खाली कोरडं आणि वर दव असेल तर तो आपल्या पावसाळी हवेचा दमटपणा आहे. खालून येत असेल तर पुढचा तपास पाइपांचा. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करा, घरातले सगळे नळ बंद करा आणि टाकीतल्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरलेली असेल तर एखादा पाइप गळत असावा. प्लंबरकडून प्रेशर टेस्ट (पाइपात दाबाने पाणी भरून गळती तपासणं) करून घ्या. टाइल लागल्यावर तो पाइप शोधणं फार महाग पडतं.

माझ्या त्या कामात पाइप ठणठणीत होते. कोबा तासून काढला, वॉटरप्रूफिंग केलं, टाइल बसवल्या. दीड वर्षाने घरच्या आजींनी बोलावलं. काठीने ठोकलं तर दाराजवळच्या चार टाइल पोकळ वाजत होत्या आणि सांध्यांतून क्षाराची पांढरी पूड वर आली होती. मग मी घराच्या मागे गेलो, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बाथरूमचं पाणी भिंतीलगतच्या केळींना सोडलेलं होतं, दरवर्षी त्यांना माती ओढत ओढत परसातली माती जोत्याच्या वर आली होती, आणि चिरा स्पंजासारखा ते पाणी आत घेत होता. केळी हलवल्या, माती जोत्याच्या खाली एक फूट उतरवली, सांडपाणी पाइपने दूर नेलं. पुढच्या पावसाळ्यात तिथला कोबा पहिल्यांदा फिका दिसला. टाइल मी पदरच्या पैशाने बदलून दिल्या. म्हणून सांगतो, एकदा भर पावसात छत्री घेऊन बाथरूमच्या मागच्या भिंतीभोवती फिरा. पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, गटार तुंबलंय का, माती कुठवर चढली आहे, ते बघा.

बाहेरचं पाणी तोडल्यावर कोब्याकडे या. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोका. भदभद वाजेल तेवढा भाग छिन्नीने काढून टाका. पांढरी पूड असेल तर ती आधी कोरड्या वायर ब्रशने झाडून भरून घ्या. पाणी मारलंत तर तो क्षार विरघळून परत आत जातो. साबणाचा थर आणि शेवाळ घासून काढा. अ‍ॅसिड मारायला मी देत नाही, कोब्याचा वरचा थर त्याने भुसभुशीत होतो. मग चिमूटभर पाणी शिंपडा: मिनिटाभरात जिरलं तर ठीक, मोत्यासारखं वर थांबलं तर तिथे अजून साबण किंवा तेल आहे.

सगळ्यात जास्त लक्ष नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून बाहेर जातं त्या जाळीखालच्या भांड्याकडे द्या. मी उघडलेल्या बाथरूममधली गळती बहुतेक वेळा ट्रॅप आणि कोबा यांच्यामधल्या फटीतूनच होती. ट्रॅपभोवती दोन इंच खणून आकुंचन न पावणारं ग्राउट (फटी भरायचं सिमेंटचं मिश्रण) भरा. जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा (कोपरा गोलसर करणारी पट्टी) मारा. उतार कोब्यातच काढा, अ‍ॅडेसिव्हचा थर जाड करून नव्हे. १:८० ते १:१०० पुरतो, म्हणजे दीड मीटरला १५ ते १९ मिलिमीटर.

वॉटरप्रूफिंगचं नाव दुकानदाराला विचारण्यापेक्षा पिशवीवरची सूचना वाचा. तुमच्याकडे ओल खालून दाब देते, त्यामुळे रबरासारखा ताणणारा, कोरडाच पृष्ठभाग मागणारा थर फुगून सुटतो. पावडर आणि तिच्यासोबत येणारं दुधासारखं पांढरं द्रावण मिसळून होणारा, ओलसर कोब्यावर आणि खालून येणाऱ्या दाबाला चालतो असं लिहिलेला सिमेंटचा पॉलिमर थर घ्या. कोबा आतून ओला आणि वरून पाणी न दिसणारा हवा. दोन हात मारा, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर एक फूट चढवा, शॉवरच्या बाजूला सहा फूट.

थर पूर्ण पिकल्यावर ट्रॅप बंद करून इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढा, ४८ तास थांबा. ही चाचणी कोणी टाळायला सांगितलं तरी टाळू नका.

टाइल व्हिट्रिफाइड घेणार असाल तर सिमेंटच्या रबडीवर (पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटवर) बसवू नका. ती पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी शोषते, रबडीला धरायला काही मिळत नाही. पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानक क्रमांक लिहिलेलं अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरा आणि पहिल्या चारपैकी एक टाइल उचलून बघा. मागे कोरे ठिपके दिसले तर गवंड्याला तिथेच थांबवा.

आता चवथीचं. चांगल्या हवेतही काँक्रीट महिन्याला इंचभरच वाळतं, आणि जुलैच्या हवेत तेवढंही नाही. बाहेरचं पाणी अजून तोडलेलं नसेल तर या वर्षी कोबा नीट घोटून, उतार आणि ट्रॅप करून बाथरूम वापरात आणा. पाहुण्यांना साध्या कोब्यावर आंघोळ करायला काही अडचण नाही. परसातली माती पाऊस ओसरताच उतरवा, आणि डिसेंबरात प्लास्टिक पुन्हा चिकटवून बघा. खालची बाजू कोरडी निघाली की टाइल आणायला जा.