सक्तीचं शिक्षण मोफत कसं झालं?

प्रश्न असा, की सक्ती आधी आली की मोफत शिक्षण? बडोद्यापुरतं बोलायचं तर दोन्ही जवळजवळ हातात हात घालून आली. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला कायदा लागू केला. मुलांना 7 ते 12 आणि मुलींना 7 ते 10 वर्षांपर्यंत शाळा सक्तीची, फी नाही. मूल पाठवलं नाही तर पालकाला दंड. अडचण इथेच होती: शेतात राबणारं पोर शाळेत गेलं की घरची कमाई बुडायची, आणि दंड नेमका गरिबाच्याच माथी बसायचा.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बडोद्याचा दाखला देत 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाला मूलभूत हक्क ठरवणारं कलम 21-क आलं, आणि 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. माझ्या मते खरा बदल इथे आहे: 'सक्ती' आता सरकारवर आहे, पालकाला दंड नाही.

व्यवहारात: 6 ते 14 वयाच्या मुलाला सरकारी शाळेत फी नाही. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या कायद्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट आहे. कोणी नाकारला तर लेखी कारण मागा आणि स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरात महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करून पोच घ्या. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.