हवाई : साखर, सुधारणा आणि आरमार

प्रश्न : अमेरिकेने १८९८ मध्ये हवाई बेटे ताब्यात घेतली, ती साखरेच्या नफ्यासाठी की तेथील लोकांना ‘सुधारण्यासाठी’? दोन्ही कारणे वाचनात येतात. (एक वाचक, सातारा)

उत्तर : ही दोन्ही कारणे हवाईत पुष्कळदा एकाच घरात नांदत होती. १८२० मध्ये न्यू इंग्लंडमधून मिशनरी तेथे पोहोचले. त्यांनी शाळा काढल्या, हवाईयन भाषेत छपाई सुरू केली, आणि त्यांच्याच पुढच्या पिढ्यांतून उसाचे मळेवाले, वकील व राजाचे मंत्री निपजले. १८७५ च्या करारानंतर हवाईची साखर अमेरिकेत विनाजकात जाऊ लागली आणि मळे फोफावले.

पुढे १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने इतर देशांच्या कच्च्या साखरेवरील जकातही उठवली व अमेरिकेतील उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले, त्यामुळे हवाईची सवलत एका फटक्यात निरर्थक ठरली. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी हिची सत्ता उलथवली गेली, तेव्हा अमेरिकेच्या ‘बोस्टन’ या युद्धनौकेवरील सैनिक होनोलुलूत उतरलेले होते. नव्या सरकारचा प्रमुख सॅनफर्ड डोल हा मिशनऱ्याचाच मुलगा.

एवढ्यावरून साखरेलाच सारे श्रेय देणे मात्र घाईचे होईल. क्लॉस स्प्रेकल्स हा बडा साखरसम्राट सामिलीकरणाच्या विरोधात होता, कारण अमेरिकेचा कायदा लागू झाला असता तर परदेशातून करारबद्ध मजूर आणणे बंद झाले असते. शिवाय ते अनुदान १८९४ मध्येच रद्द झाले, म्हणजे अमेरिकेत सामील होऊन ते मिळवण्याचे आमिषही उरले नव्हते. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी तर सामिलीकरणाचा करार सिनेटमधून परत घेतला होता, आणि १८९७ मध्ये एकवीस हजारांहून अधिक हवाईयनांनी सह्या करून नव्या करारालाही विरोध नोंदवला. तो करार दोन-तृतीयांश मतांअभावी अडला. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटले, मनिलाकडे जाणाऱ्या जहाजांना वाटेत कोळसा घेण्याची सोय हवी झाली, पर्ल हार्बरचे मोल एकाएकी वाढले, आणि साध्या बहुमताने संमत होणाऱ्या संयुक्त ठरावाने जुलैत काम उरकण्यात आले. माझ्या मते सत्तांतर साखरेने घडवले, सामिलीकरण आरमाराने.

‘सुधारणे’विषयी सांगायचे, तर मिशनरी शाळांमुळे हवाईयन लोक स्वतःच्या भाषेत साक्षर झाले होते, त्या भाषेत वृत्तपत्रे निघत होती; पण डोल यांच्या प्रजासत्ताकाने १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी केले.