समुद्रकाठच्या गावातल्या कॉलेजने पर्यावरण सप्ताह कसा करावा, की गावातले लोकही येतील?

तुम्ही लिहिलंय की दरवर्षी रॅली, पोस्टर स्पर्धा आणि पाहुण्यांचं भाषण होतं, हॉल मुलांनी भरतो पण गावातलं कोणी फिरकत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या कॉलेजात बॉटनी शिकवायचे आणि बरीच वर्षं एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) कामही बघायचे, त्यामुळे हा प्रश्न मला अगदी जवळचा आहे. माझं मत स्पष्ट आहे, कार्यक्रम कॉलेजच्या हॉलमधून काढून जेट्टीवर, मासळी बाजारात आणि खाडीवर न्या आणि यजमानपण गावाला द्या. कॉलेजने खुर्च्या, माईक आणि मुलं पुरवायची, बोलायचं काम ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांचं.

पहिली गोष्ट तारखेची. 5 जूनला पर्यावरण दिन असतो खरा, पण कोकणात तेव्हा कॉलेजं धड सुरू झालेली नसतात, पाऊस दारात असतो, घराघरात शाकारणी आणि लावणीच्या तयारीची गडबड असते. मच्छीमारांसाठी मात्र तेव्हापासूनचा काळ मोकळा, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, बोटी वर काढलेल्या असतात आणि माणसं जाळी विणत बसलेली असतात. म्हणून मच्छीमारांबरोबरचा कार्यक्रम 26 जुलैच्या आसपास ठेवा, तो कांदळवन (म्हणजे खाडीकाठची खारफुटी) दिवस आहे, आणि किनारा सफाई सप्टेंबरात, तिसऱ्या शनिवारी जगभर होते तेव्हा. 24 सप्टेंबरला एनएसएस दिन असतो, त्यामुळे मुलांचे एनएसएसच्या कामाचे तासही त्यात बसतात. गणपती सप्टेंबरात आले असतील तर सरळ पुढे ढकला, चाकरमानी आलेले असताना कोणाच्या घरात माणूस रिकामा नसतो. आणि दालदी (मुस्लिम मच्छीमार) मोहल्ल्यातली माणसं हवी असतील (हवीतच) तर शुक्रवारची दुपार ठेवू नका, नमाज असतो.

दुसरं म्हणजे भरती ओहोटी बघा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण पत्रिकेवर सकाळी आठ छापलेलं असतं आणि त्या दिवशी दशमी असते. आपल्याकडचा जुना हिशोब आहे ना, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे दशमीला साडेसात, मग आठ वाजता पुळण (किनाऱ्याची वाळू) असते कुठे? त्याऐवजी द्वितीया तृतीयेला ठेवलंत तर साडेसात आठला ओहोटी मिळते आणि अख्खा किनारा मोकळा असतो. ही वेळ गावातल्या एखाद्या जुन्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचारूनच ठरवा, म्हणजे तो पहिल्या दिवसापासून तुमच्या कामात येतो.

सफाई करायची तर मोजून करा. आंतरराष्ट्रीय किनारा सफाई 1986 साली अमेरिकेत टेक्सासमध्ये सुरू झाली तेव्हापासून त्यात प्रत्येक वस्तू कागदावर नोंदवायची पद्धत आहे आणि मला तोच त्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. बाटल्या किती, गुटख्याच्या पुड्या किती, थर्माकोल किती, नायलॉन जाळ्याचे तुकडे किती, चपला किती, वेगवेगळं लिहायचं आणि मासळीच्या काट्यावर वजन करायचं. मग दिसतं की पावसाळ्यात समुद्राने आणून टाकलेलं वेगळं आणि पर्यटकांनी टाकलेलं वेगळं, दोन्हीचे उपाय वेगळे. हे आकडे घेऊन नगरपरिषदेत गेलात तर बोलणं पुढे सरकतं, नुसत्या फोटोंवर सरकत नाही. आणि घंटागाडी आधी लेखी ठरवून घ्या, कारण मी स्वतः पाहिलंय की मुलांनी भरलेल्या गोण्या किनाऱ्यावरच राहिल्या, कोणीतरी पेटवल्या, उरलेल्या उधाणाने परत नेल्या, मुलांची मनं किती खट्टू होतात ते सांगता येत नाही. मे जूनमध्ये काही करत असाल तर वाळूत काळे चिकट डांबराचे गोळे येतात, त्यांना हातमोज्याशिवाय हात लावू देऊ नका, पायाला लागलं तर खोबरेल तेलाने निघतं.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन ते, मासळी बाजार. एक सकाळ मुलांना बाजारात उभं करा, हातात पंधरा सेंटिमीटरची पट्टी. 2023 मध्ये आपल्या सरकारने पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी पन्नासहून जास्त जातींची किमान लांबी ठरवून दिली, पापलेटची 135 मिलिमीटर, बांगड्याची 140. म्हणजे कंपासपेटीतली पट्टीही पुरते. त्यापेक्षा लहान मासा एकदाही अंडी न घालता ताटात येतो, पुढच्या हंगामात जाळं रिकामं येण्याचं हे एक मोठं कारण आहे. पण मुलांना आधी नीट समजावून पाठवा की मासेवाल्या मावशींना शिकवायला नाही जायचं, त्यांच्याकडून ऐकायला जायचं. पूर्वी कोणता मासा कुठल्या महिन्यात किती यायचा, आता कोणता दिसतच नाही, हे त्या एका दमात सांगतात, मुलांनी ते लिहून घ्यायचं, गिऱ्हाइकाला बारकं पापलेट मागू नका एवढं मुलांनी सांगायचं. त्या मावशींना संध्याकाळच्या कार्यक्रमात स्टेजवर बसवा, पाहिजे तर प्राचार्यांच्या शेजारी. गाव येणारच, कारण आपली माणसं बोलणार आहेत.

तसंच बोटवाल्यांचं. जाळ्यात कासव, देवमासा किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) अडकला आणि जाळं कापून सोडला तर 2018 च्या अखेरीपासून राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं, मात्र सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. कितीतरी खलाशांना हे माहीतच नसतं किंवा अर्ज कसा करायचा ते कळत नाही. तुमच्या मुलांनी जेट्टीवर टेबल टाकून अर्ज भरून द्यायला मदत केली तर ती जनजागृती कुठल्याही भाषणापेक्षा खरी, आणि ज्यांनी जाळं कापलंय त्यांचा शाल श्रीफळ देऊन सत्कार करा, तो त्यांचा हक्क आहे.

झाडं लावायची हौस सगळ्यांना असते, पण पुळणीवर सुरूची दाट रोपं लावू नका, कासवाला अंडी घालायला उघडी वाळू लागते. त्यापेक्षा खाडीवर जा. पांढरी चिप्पी 2020 पासून आपलं राज्य कांदळवन वृक्ष आहे, तिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात, त्यामुळे फुलांच्या दिवसांत संध्याकाळी जेट्टीवरून ती दाखवायचा कार्यक्रम ठेवला तर लहान पोरं आईबापांना ओढून आणतात. खेकडे, कोळंबी, कालवं यांचं या झाडांशी काय नातं आहे ते खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्या माणसालाच सांगू द्या.

लोकांचा उत्सव कसा असतो ते बघायचं असेल तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा (हो, नाना फडणवीसांचं वेळास). चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं आणि गावाने ते आपलं केलं, महोत्सवाला येणारी माणसं गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात, सकाळ संध्याकाळ पिल्लं समुद्रात जाताना बघतात. गावाच्या हाताला काम आणि घराला मान मिळाला म्हणून ते टिकलं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मुलांची एक तुकडी घेऊन जा, पण आधी फोन करून घरटी उघडायचे दिवस विचारा, पिल्लं आपल्या सोयीने बाहेर येत नाहीत.

खर्चाचं विचारलंयत, तर फ्लेक्स, पाण्याच्या छोट्या बाटल्या आणि फुगे एवढं काढलंत तरी हातमोजे, गोण्या आणि चहापाण्याचे पैसे बहुतेक निघतात, कापडी फलक मुलंच रंगवतात. आणि नारळी पौर्णिमेला गावाची मिरवणूक असेल तर तिथे वेगळा कार्यक्रम लावू नका, आठवडाभर आधी जाऊन मंडळाला विचारा आम्ही काय काम करू, दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर झाडू मारायला ते तुमच्याबरोबर येतील.