चौथरा की जोतं?

सोलापूरच्या एका वाचकांनी पुतळ्याच्या कार्यक्रमाची पत्रिका लिहिताना विचारलं आहे: पुतळ्याखालच्या बांधकामाला चौथरा म्हणावं की जोतं? आणि खांबाच्या बुडाशी असलेल्या दगडाला काय म्हणतात? हल्ली सगळीकडे ‘प्लिंथ’ हा एकच शब्द ऐकू येतो, म्हणून त्यांचा गोंधळ झाला आहे.

मराठीत हा शब्द बांधकामाच्या आकारावरून ठरत नाही, वर काय उभं आहे यावरून ठरतो. वर घर किंवा वाडा असेल तर ते जोतं. ‘काम जोत्यापर्यंत आलं’ असं गवंडी म्हणतो, तेव्हा जमिनीपासून आतल्या फरशीच्या पातळीपर्यंतचं काम झालेलं असतं. वर पुतळा असेल तर चौथरा. सोलापुरातल्या ‘चार हुतात्मा चौका’तले पुतळे चौथऱ्यावर आहेत, जोत्यावर नाहीत. वर देवाची मूर्ती असेल तर पीठ किंवा आसन, आणि पिंडीच्या बाबतीत शाळुंका. व्यासपीठातलं पीठही हेच, बसण्याची जागा.

खांबाचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. लाकडी खांबाखालच्या दगडाला तळखडा म्हणतात, उथळा असंही म्हणतात. खांब थेट जमिनीत रोवला तर ओल आणि वाळवी त्याचं बूड खाते. तळखडा त्याला मातीपासून वेगळा ठेवतो आणि छपराचा भार जास्त जागेवर पसरवतो. जुना वाडा पाडला की लाकूड विकलं जातं आणि हे घडीव दगड अंगणात पायरी म्हणून पडून राहतात, तसं होऊ नये असं मनापासून वाटतं. देवळातला खांब तर अख्खा दगडीच, त्याला वाळवीचं भय नाही. तरी त्याच्याही बुडाशी तळखडा असतोच, आणि माथ्यावर तुळईचा भार झेलणारे हस्त.

युरोपातही ‘प्लिंथ’ मुळात इतका सैल नव्हता. ग्रीक ‘प्लिंथोस’ म्हणजे वीट. रोमन पद्धतीत खांबाच्या बैठकीतली सगळ्यात खालची चौकोनी लादी ती प्लिंथ, आणि त्या बैठकीखाली वेगळा उंच ठोकळा असला तर तो पेडेस्टल. ग्रीक डोरिक खांबाला तर बैठकच नसते, तो सरळ पायऱ्यांच्या माथ्यावर उभा राहतो. पुढे इंग्रजीत हा अर्थ पसरला. लंडनच्या ट्राफल्गार चौकातली प्रसिद्ध ‘चौथी प्लिंथ’ 1841 मध्ये अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधली गेली, पण पैशांअभावी पुतळा झाला नाही. मराठीत तिला चौथराच म्हणावं लागेल.

सोलापुरात या यादीत कट्टा घालायलाच हवा. कन्नडमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘कट्टे’ म्हणजे बांधलेला ओटा किंवा पार. सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळा होतो तो संमती कट्टा. तो उंच आहे, बांधीव आहे, पण त्याला कुणी चौथरा म्हणत नाही, कारण तिथे माणसं जमतात आणि विधी होतात. निव्वळ काही पेलण्यासाठी तो बांधलेला नाही.

तेव्हा आपल्या कार्यक्रमपत्रिकेत ‘पुतळ्याचा चौथरा’ लिहा. शेजारच्या कमानीच्या खांबांबद्दल लिहिणार असाल तर तिथे बिनधास्त ‘तळखडा’ वापरा. वाचकाला शब्द अनोळखी वाटला तरी खांब समोर आहे, अर्थ कळेल.