पोरगं पूर्ण बरं होईल ना?

प्रश्न : मुलगा 22 वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चार महिने त्याला आवाज ऐकू यायचे, डब्यात विष घालतात म्हणायचा. आम्ही आधी बाहेरचं बघितलं. आता 5 आठवडे स्किझोफ्रेनियाची गोळी चालू आहे. आवाज निम्मे झाले, पण दिवसभर पडून असतो. पुढं कायम बरा राहील का, हे आत्ताच कळतं का?
– एक आई, महाल, नागपूर

उत्तर : ताई, नेमकं सांगेल अशी रक्ततपासणी किंवा स्कॅन अजून नाही. खुणा मात्र असतात. पहिल्या दोनेक आठवड्यांत काहीच फरक नसेल, तर त्या गोळीकडून आशा कमी. तुमच्याकडे आवाज निम्म्यावर आलेत, हे वाचून मला बरं वाटलं. उपचाराविना काळ जितका लांबतो, तितकं सावरणं अवघड. माझ्यासमोर तर दोन-दोन वर्षं अंगारे-धुपारे करून आलेले लोक बसतात.

पडून राहणं हा आळस नाही बरं. आजाराची मरगळ असेल, उदासी असेल, नाहीतर गोळीची सुस्ती. डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मरगळीवर गोळ्या आवाजांइतक्या चालत नाहीत. संध्याकाळी गांधीसागरला एक चक्कर मारवा, बोलला नाही तरी चालेल.

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सहा आठवडे नीट घेऊनही गुण नाही आला, तर क्लोझापिन या औषधाबद्दल विचारा, ते अशाच वेळी देतात. त्यात नियमित रक्त तपासावं लागतं, तेवढ्यासाठी लोक उगाच टाळतात. आणि बरं वाटलं म्हणून परस्पर गोळी बंद करू नका. आजार उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावरून नंतर भांडा, आधी तो गांजा ओढतो का ते विचारा; त्यानं हा आजार बळावतो.