काही वाइन किण्वनानंतरही यीस्टच्या गाळावर का ठेवतात?

याचे उत्तर बऱ्याच अंशी यीस्टच्या पेशीभित्तिकेत आहे. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या वाइनच्या नेहमीच्या यीस्टच्या भित्तिकेत ग्लुकानच्या (ग्लुकोजच्या लांब साखळ्यांच्या) जाळ्याबाहेर मॅनोप्रोटीन, म्हणजे मॅनोज शर्करेच्या लांब शाखा जोडलेली प्रथिने, असतात. पेशी मेल्यानंतर तिचीच विकरे ही भित्तिका हळूहळू विघटित करतात आणि मॅनोप्रोटीन वाइनमध्ये उतरतात. तेथे ती पोटॅशियम बायटार्ट्रेट या द्राक्षांतील टार्टारिक आम्लाच्या क्षाराच्या सूक्ष्म स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतात, त्यामुळे बाटली थंड केल्यावर तळाशी खडे साचण्याचा संभव कमी होतो. पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्षांच्या प्रथिनांमुळे येणारा गढूळपणाही काही मॅनोप्रोटीन घटवतात: द्राक्षांची प्रथिने नाहीशी होत नाहीत, त्यांचे पुंजके डोळ्यांना दिसण्याइतके वाढत नाहीत, इतकेच. शॅम्पेन तर नियमानुसार किमान १२ महिने गाळावर ठेवावीच लागते, आणि तिचा फेस टिकण्यात मॅनोप्रोटीनांचा हात असतो. चवीतील भरीवपणाचे सारे श्रेय मात्र मी त्यांना देणार नाही, कारण त्याच विघटनात अमिनो आम्ले आणि न्यूक्लिओटाइडही (डीएनए-आरएनएचे घटक) सुटतात. ज्यांना इतके थांबायचे नसते त्यांच्यासाठी यीस्टपासून काढलेली मॅनोप्रोटीन तयार मिळतात आणि युरोपीय संघात ती वापरण्यास परवानगी आहे.